ग्रोथ हार्मोनची कमतरता, इंजेक्शन आणि अंगातला दम: वारंवार विचारले जाणारे प्रश्न

माझ्या पिट्युटरीच्या गाठीची शस्त्रक्रिया २०१२ साली झाली आणि ग्रोथ हार्मोनचं इंजेक्शन २०१४ पासून सुरू आहे. तेव्हापासून कोणी ना कोणी फोन करून, मेसेज करून विचारत असतं. प्रश्न फिरून फिरून तेच येतात, म्हणून एकदाच लिहून ठेवते. मी निवृत्त शिक्षिका आहे, डॉक्टर नाही. डोस तुमच्या एंडोक्रायनॉलॉजिस्टनेच (हार्मोनच्या डॉक्टरांनीच) ठरवायचा, इथे वाचून नाही.

१. ग्रोथ हार्मोन म्हणजे मुलांच्या उंचीचं औषध ना? माझी उंची वाढायची थांबून वीस वर्षं झाली, मग मला कशाला?

नावाने घोळ केला आहे. मेंदूच्या तळाशी वाटाण्याएवढी पिट्युटरी ग्रंथी असते, ती हे हार्मोन जन्मभर सोडत राहते. रात्रीच्या गाढ झोपेत सगळ्यात जास्त. उंचीचं काम संपलं तरी चरबी वापरणं, स्नायू राखणं, हाडं भरणं, अंगातलं पाणी आणि मीठ सांभाळणं ही कामं चालूच असतात. बरीचशी यकृताकडून करवून घेतली जातात: ग्रोथ हार्मोनच्या इशाऱ्यावर यकृत आयजीएफ-१ नावाचं दुसरं हार्मोन तयार करतं. तुमच्या रिपोर्टवर डॉक्टर ज्या आकड्याभोवती पेनाने गोल करतात, तो बहुधा हाच.

मोठ्या माणसात ते कमी पडलं की उंचीला काही होत नाही. पोट सुटतं, दंड-मांड्या बारीक होतात, दम लवकर लागतो, आणि सकाळी उठताना कालचा शीण अंगात तसाच असतो.

२. ही कमतरता होते कशी? माझ्या डोक्याला कधी मारही लागलेला नाही.

मोठ्या वयात होणारी बहुतेक प्रकरणं पिट्युटरीच्या गाठीमुळे, तिच्या शस्त्रक्रियेमुळे किंवा रेडिएशनमुळे होतात. रेडिएशनचा परिणाम कधी कधी अनेक वर्षांनी दिसतो. डोक्याला जबर मार लागूनही होते.

आपल्याकडे आणखी दोन कारणं विचारून घ्यायला हवीत, कारण रुग्ण ती स्वतःहून सांगत नाही. पहिलं कारण बाळंतपण. प्रसूतीत खूप रक्तस्राव झाला, नंतर दूधच आलं नाही, पाळी परतली नाही, आणि बाई वर्षानुवर्षं ‘अशक्त’ म्हणून टॉनिकवर राहिली, तर ते शीहान सिंड्रोम असू शकतं. दुसरं कारण घोणस साप. घोणस चावून मूत्रपिंडावर आलेलं माणूस वाचतं, पण त्या विषाने रक्त गोठण्याचा जो गोंधळ होतो त्यात पिट्युटरीचंही नुकसान होऊ शकतं, आणि ते काही महिन्यांनी किंवा वर्षांनी उघडकीला येतं. शेतावर काम करणारा माणूस साप चावल्यानंतर ‘पूर्वीसारखा राहिला नाही’ असं घरचे म्हणत असतील तर हे डॉक्टरांना जरूर सांगा.

जन्मजात प्रकारही असतात. पाकिस्तानातल्या सिंधमधल्या एका समूहात सापडलेला जनुकदोष पश्चिम भारतातल्या काही कुटुंबांतही आढळला आहे.

३. रक्तात ग्रोथ हार्मोन ०.१ आलं. म्हणजे पक्कं झालं ना?

नाही. हे हार्मोन झटक्याझटक्याने सुटतं, मधल्या वेळात ठणठणीत माणसाच्या रक्तातही जवळजवळ शून्य असतं. नुसतं सकाळचं रक्त देऊन आलेला आकडा कमी असो की जास्त, त्यावरून निदान होत नाही. पैसे वाया.

ग्रंथीला डिवचून ती काय करते ते पाहावं लागतं. जुनी आणि मानाची चाचणी इन्शुलिनची. उपाशीपोटी शिरेतून इन्शुलिन देऊन साखर मुद्दाम ४० च्या खाली नेतात आणि ठरावीक वेळाने रक्त घेत राहतात. माझ्या वेळी हात थरथरायला लागले, डोळ्यांपुढे काजवे चमकले, आणि उशाशी बसलेले तरुण डॉक्टर शांतपणे ‘मावशी, तुमचं नाव सांगा बरं’ असं दर दोन मिनिटांनी विचारत होते. साखर भरपूर घातलेला चहा आणि पोहे मिळाले तेव्हा जीव भांड्यात पडला. फिट येणाऱ्यांना किंवा हृदयविकार असणाऱ्यांना ही चाचणी करत नाहीत. त्यांच्यासाठी ग्लुकॅगॉनची चाचणी आहे. अमेरिकेत २०१७ मध्ये मॅसिमोरेलिन नावाच्या, तोंडाने घेण्याच्या औषधावर आधारलेल्या चाचणीलाही मान्यता मिळाली.

इन्शुलिनच्या चाचणीत ब्रिटनमध्ये लिटरमागे ३ मायक्रोग्रॅमच्या आतला उच्चांक गंभीर कमतरता धरतात, अमेरिकेत ५ च्या आतला. एक अडचण अशी की लठ्ठपणात ग्रोथ हार्मोन तसंही कमी सुटतं. म्हणून वजनदार माणसाच्या ग्लुकॅगॉन चाचणीत ३ ऐवजी १ ची रेघ वापरतात, नाहीतर अर्धं गाव रुग्ण ठरेल.

पिट्युटरीची इतर तीन किंवा जास्त हार्मोन्स गेलेली असतील आणि आयजीएफ-१ सुद्धा कमी असेल, तर बहुतेक तज्ज्ञ डिवचण्याची चाचणी न करताच निदान मानतात.

४. मी थकते, वजन वाढतंय, दम लागतो. हे इंजेक्शन सुरू करून पाहू का?

‘सुरू करून पाहण्याचं’ हे औषध नाही. ही सगळी लक्षणं रक्तक्षयात असतात, थायरॉइडमध्ये असतात, झोप कमी पडल्यावर असतात. पिट्युटरीचा काही इतिहासच नसेल तर शंभरातल्या बहुतेकांचं कारण दुसरीकडे सापडतं.

आणि पिट्युटरीचा इतिहास असेल, तर क्रम पाळा: आधी कॉर्टिसोल (शरीराचं स्वतःचं स्टिरॉइड), मग थायरॉइड, मग लैंगिक हार्मोन्स, शेवटी ग्रोथ हार्मोन. त्याला कारण आहे. ग्रोथ हार्मोन सुरू झालं की शरीरात वापरात येणारं कॉर्टिसोल थोडं कमी होतं, आणि थायरॉइडची टी-४ ची पातळीही खाली येऊ शकते. काठावर असलेला माणूस त्या धक्क्याने काठाच्या पलीकडे जातो. इंजेक्शन सुरू केलं आणि तिसऱ्या आठवड्यात उलट जास्त गळाल्यासारखं झालं, असे फोन येतात तेव्हा मी पहिला प्रश्न विचारते: कॉर्टिसोल शेवटचं कधी तपासलं?

५. जिना चढताना धाप लागते. ईसीजी, इको सगळं नॉर्मल. मग दम जातो कुठे?

दम म्हणजे एक अवयव नाही, साखळी आहे: फुप्फुस, रक्त, हृदय, स्नायू. ग्रोथ हार्मोनच्या कमतरतेत या साखळीच्या बऱ्याच कड्या थोड्या थोड्या ढिल्या होतात. अंगातल्या रक्ताचं एकूण प्रमाणच घटतं, रक्तातलं पाणीही आणि तांबड्या पेशीही. हृदयाचा डावा कप्पा जरा लहान, त्याची भिंत जरा पातळ असू शकते. इको ‘नॉर्मल’ म्हणतो कारण विश्रांतीत ते काम भागवतं. स्नायूंचा ऐवज कमी आणि वाहून न्यायची चरबी जास्त. एकेक गोष्ट रिपोर्टवर लाल अक्षरात येत नाही, पण चौथ्या मजल्यावर सगळ्यांची बेरीज लागते.

ही बेरीज मोजायची चाचणी असते. सायकलवर किंवा ट्रेडमिलवर तोंडाला मास्क लावून, जोर वाढवत नेऊन शरीर जास्तीत जास्त किती ऑक्सिजन वापरू शकतं ते पाहतात. त्याला व्हीओटू मॅक्स म्हणतात. उपचार न घेतलेल्या रुग्णांत तो वयाच्या मानाने कमी भरतो. या साखळीतली घामाची कडी इतकी विसरली जाते की तिला वेगळा प्रश्न दिला आहे (प्रश्न ८).

६. इंजेक्शनने ताकद वाढेल का? खरं खरं सांगा.

दम वाढतो, बळाचं तितकं सांगता येत नाही. हा फरक नीट समजून घ्या, कारण बहुतेक निराशा इथूनच येते.

१९८९ मध्ये लंडनच्या आणि डेन्मार्कच्या डॉक्टरांनी प्रौढ रुग्णांवरचे पहिले नीट आखलेले प्रयोग छापले. लंडनमध्ये २४ रुग्ण होते, निम्म्यांना खरं औषध, निम्म्यांना नुसतं पाणी. सहा महिन्यांत औषध घेणाऱ्यांचा चरबीविरहित ऐवज सरासरी ५.५ किलोने वाढला आणि चरबी ५.७ किलोने उतरली. म्हणजे वजनकाटा जिथल्या तिथे! हे ठाऊक नसल्यामुळे किती जण ‘एक किलोसुद्धा कमी झालं नाही’ म्हणून चिडतात. काटा बाजूला ठेवा, कंबरेला टेप लावा. दोन गोष्टी मात्र लक्षात असू द्या. तेव्हाचे डोस आजच्यापेक्षा बरेच मोठे होते, आणि त्या साडेपाच किलोत काही भाग अंगात धरलेल्या पाण्याचा असतो.

त्याच रुग्णांना सायकलवर बसवलं तेव्हा ऑक्सिजन वापरण्याची कमाल मर्यादा वाढलेली दिसली. पुढे असे अनेक छोटे प्रयोग झाले. २००८ आणि २००९ मध्ये त्यांची एकत्र मांडणी झाली तेव्हा चित्र असं निघालं की व्यायाम करण्याची क्षमता वाढते, पण २००९ च्या मांडणीत ती वाढ लहानच होती आणि स्नायूंच्या बळात या थोड्या महिन्यांत खात्रीलायक फरक नव्हता. बळाची गोष्ट सावकाशीची आहे. स्वीडनमध्ये गोथेनबर्गला रुग्णांचा दहा वर्षं पाठपुरावा झाला. पहिली पाच वर्षं बळ वाढत गेलं, आणि त्यानंतर वयाने होणारी घसरण काहीशी रोखली गेली.

माझ्या भाषेत सांगायचं तर इंजेक्शनने मला पर्वतीच्या पायऱ्या पुन्हा चढता आल्या. पाण्याने भरलेली कळशी अजूनही मुलगाच उचलतो.

७. किती दिवसांत फरक कळतो?

अंगात पाणी धरणं पहिल्या दोन-तीन आठवड्यांत, म्हणून आधी त्रासच जाणवतो (प्रश्न १०). कंबर आणि दम साधारण तीन ते सहा महिन्यांत. हाडांना सगळ्यात उशीर: पहिल्या वर्षात घनता उलट किंचित उतरलेली दिसू शकते, कारण जुनं हाड काढून नवीन भरण्याचं काम सुरू झालेलं असतं, वाढ दीड-दोन वर्षांनी दिसते. पहिल्या वर्षाचा डेक्सा रिपोर्ट पाहून घाबरू नका.

८. मला घामच येत नाही. मे महिन्यात बाहेर पडलं की चेहरा लालबुंद होतो. याचा काही संबंध आहे?

आहे. घामाच्या ग्रंथींनाही ग्रोथ हार्मोन लागतं. कमतरता असलेल्या प्रौढांना घाम कमी येतो आणि श्रमात अंगाचं तापमान इतरांपेक्षा चढतं, हे डेन्मार्कच्या संशोधकांनी नव्वदच्या दशकात दाखवलं. डेन्मार्कमध्ये ही बाब अभ्यासाची असेल. जळगाव-अकोल्यात ती जिवाशी गाठ आहे. डोस नीट बसेपर्यंत व्यायाम पहाटे किंवा दिवेलागणीनंतर करा, डोक्यावर ओला पंचा ठेवा, चक्कर किंवा मळमळ आली तर लगेच सावलीत थांबा. ‘घाम आला नाही म्हणजे मेहनत पुरली नाही’ हा जिममधला हिशेब आपल्याला लागू नाही.

माझ्या बाबतीत पहिला फरक हाच कळला. चौथ्या महिन्यात पर्वतीवरून उतरले आणि ब्लाउज पाठीला चिकटला होता. नवऱ्याला म्हटलं, हात लावून बघा. त्यांना वाटलं ताप आला.

९. चिठ्ठीवर मिलिग्रॅम आहे आणि पेनवर युनिट. किती घ्यायचं?

१ मिलिग्रॅम म्हणजे ३ युनिट. चिठ्ठीवर ०.३ मिग्रॅ. असेल तर ०.९ युनिट. काही पेनांवर मिलिग्रॅम असतं, काहींवर युनिट. औषधाची कंपनी बदलली की पुन्हा तपासा. मी स्वतः पहिला महिनाभर ०.३ युनिट घेत होते, म्हणजे सांगितल्याच्या तिसरा हिस्सा, आणि ‘काही उपयोग नाही’ म्हणून भेटेल त्याला सांगत होते. उलटी चूक याहून वाईट, कारण तीनपट जाईल.

सुरुवात मुद्दाम छोट्या डोसने करतात. तिशी ते साठीतल्यांना साधारण ०.२ ते ०.३ मिग्रॅ. रोज, साठीपुढे ०.१ ते ०.२. मग दर महिना-दोन महिन्यांनी आयजीएफ-१ आणि तुमची तक्रार पाहून थोडा थोडा वाढवत नेतात. वजनाच्या हिशेबाने डोस देणं मुलांसाठी. मोठ्यांत ती पद्धत मागे पडली, कारण त्यात सूज फार यायची.

१०. अंगठी निघत नाही, सांधे दुखतात, रात्री बोटांना मुंग्या येतात. बंद करू का?

परस्पर बंद करू नका, फोन करा. ही अंगात पाणी धरल्याची लक्षणं आहेत. मनगटातली नस दाबली गेली की बोटांना मुंग्या येतात. बहुतेकदा डोस थोडा उतरवला की जातात. ज्यांचा व्यायाम नुकताच सुरू झालाय ते याला ‘व्यायामाचं दुखणं’ समजून अंगावर काढतात. ओळख सोपी आहे: व्यायामाचं दुखणं दोन-तीन दिवसांत ओसरतं आणि वापरलेल्या स्नायूतच असतं. अंगठी त्याने घट्ट होत नाही.

डोकं सतत दुखून दृष्टी अंधूक होत असेल तर मात्र त्याच दिवशी डॉक्टरांकडे.

११. इंजेक्शन घेतोय, मग वेगळा व्यायाम लागतो का?

लागतोच. औषध घेऊन खुर्चीत बसलेल्या माणसाचं रक्त वाढेल, चरबी थोडी उतरेल, पण पाय चालल्याशिवाय पाय होत नाहीत. आजारी शरीराने अनेक वर्षं हालचाल टाळलेली असते, ती सवय औषधाने मोडत नाही.

मी सगळ्यांना जे सांगते त्यात नवीन काही नाही. आठवड्यातले पाच दिवस चालणं, बोलता येईल पण गाणं म्हणता येणार नाही इतक्या वेगाने. सुरुवात दहा मिनिटांची असली तरी चालेल. आठवड्यातून दोनदा बळाचं काम: खुर्चीतून हात न लावता उठणं-बसणं, भिंतीला हात टेकून जोर, पाण्याच्या बाटल्या उचलणं. उडी आणि जोराचे झटके टाळा, कारण आपल्यापैकी अनेकांची हाडं विरळ असतात.

इंजेक्शन सुरू करण्याच्या आदल्या आठवड्यात दोन गोष्टी मोजून वहीत लिहा: सहा मिनिटांत सपाट जागेवर किती मीटर चालता, आणि अर्ध्या मिनिटात खुर्चीतून किती वेळा उठता. दर तीन महिन्यांनी त्याच जागी, त्याच चपला घालून पुन्हा. ‘बरं वाटतंय’ आणि ‘बरं वाटत नाही’ यावर वर्षाचा खर्च ठरवणं मला पटत नाही.

१२. सुई व्यायामाच्या आधी घ्यायची की नंतर? एखादा दिवस चुकला तर?

व्यायामाशी तिची वेळ जोडायची गरज नाही. रात्री झोपताना घ्या, शरीराचा स्वतःचा रिवाज तोच आहे. पोट, मांडी अशी जागा बदलत राहा, एकाच ठिकाणी टोचलं तर तिथली चरबी खड्ड्यासारखी बसते. चुकला तर दुसऱ्या रात्री नेहमीचाच डोस, दुप्पट नाही.

आठवड्यातून एकदा घ्यायची औषधंही निघाली आहेत. सोमापॅसिटानला अमेरिकेत प्रौढांसाठी ऑगस्ट २०२० मध्ये मान्यता मिळाली. त्यांचा चुकलेल्या डोसचा नियम वेगळा असतो, तो पत्रकावर पाहा.

१३. पेन प्रवासात कसं न्यायचं? आमच्याकडे वीज जाते.

२ ते ८ अंशांत ठेवायचं आणि गोठू द्यायचं नाही. फ्रीजच्या दारात ठेवा, बर्फाच्या कप्प्याला टेकवून नाही. माझं एक पेन तसं गेलं. गोठलेलं औषध वितळून स्वच्छ दिसलं तरी फेकायचं. दार उघडलं नाही तर दोन-चार तास वीज गेल्याने काही होत नाही. प्रवासात थर्मासमध्ये बर्फाची पिशवी, आणि पेन व पिशवी यांच्यात रुमालाची घडी.

१४. मित्रांबरोबर सिंहगड, कळसूबाई करायचं आहे. चालेल?

ग्रोथ हार्मोनपेक्षा तुम्ही आणखी काय घेता यावर उत्तर आहे.

हायड्रोकॉर्टिसोन किंवा प्रेडनिसोलोन, म्हणजे कॉर्टिसोलच्या जागची स्टिरॉइडची गोळी, घेत असाल तर रोजच्या चालण्याला जादा गोळी लागत नाही, पण दिवसभराच्या चढाईला लागू शकते. किती आणि केव्हा, हे आधी विचारून लिहून घ्या. वाटेत उलट्या झाल्या आणि गोळी पोटात राहिली नाही तर हायड्रोकॉर्टिसोन १०० मिग्रॅ.चं इंजेक्शन लागतं. ते बरोबर असावं आणि बरोबरच्या एकाला तरी देता यावं. खिशात ‘मी स्टिरॉइडवर आहे’ अशी चिठ्ठी, मराठीत आणि इंग्रजीत.

डेस्मोप्रेसिन घेत असाल, म्हणजे लघवी आवरण्याची गोळी किंवा नाकातला फवारा, तर धोका उलटाच आहे. गोळीचा अंमल असताना ‘पाणी पीत राहा’ हा प्रत्येकाचा सल्ला ऐकला तर रक्तातलं सोडियम उतरतं: डोकेदुखी, मळमळ, मग गोंधळल्यासारखं बोलणं. तहान लागेल तेवढंच पाणी. आणि उलट, गोळी घरी विसरून गडावर जाणं तर अजिबात नाही.

१५. एकादशी, नवरात्र करावं का?

फक्त ग्रोथ हार्मोनच कमी असलेल्या प्रौढाला साबुदाण्याची खिचडी आणि दाण्याची आमटी खाऊन केलेली एकादशी जड जात नाही. कॉर्टिसोलही कमी असेल तर रिकाम्या पोटी साखर उतरण्याचा धोका खरा आहे, विशेषतः उपासाच्या दिवशी व्यायामही केला तर. निर्जळी उपास डेस्मोप्रेसिनवाल्यांनी करू नये, आणि लहान मुलांना तर उपासाला बसवूच नये. या आजारात त्यांची साखर पटकन उतरते. आमच्या गुरुजींनी मला सांगितलं होतं, औषध चुकवून केलेला उपास देवालाही नको असतो.

१६. मला आणि माझ्या भावाला एकच आजार. माझा डोस त्याच्या दुप्पट का?

इस्ट्रोजेनमुळे. बायकांना त्याच आयजीएफ-१ साठी जास्त ग्रोथ हार्मोन लागतं, आणि इस्ट्रोजेन तोंडाने घेत असाल तर अजूनच, कारण गोळी आधी यकृतातून जाते आणि तिथेच आयजीएफ-१ चं उत्पादन दाबते. त्वचेवर लावायची चकती किंवा जेल वापरलं तर डोस कमी पुरतो. गोळी सुरू किंवा बंद केली, तर ग्रोथ हार्मोन देणाऱ्या डॉक्टरांना कळवा. बऱ्याचदा स्त्रीरोगतज्ज्ञ एक बदलतात आणि दुसऱ्याला पत्ताच नसतो.

गरोदरपणात सहसा इंजेक्शन थांबवतात. वार स्वतःच एक प्रकारचं ग्रोथ हार्मोन तयार करू लागते.

१७. मला मधुमेह आहे, आणि गाठ काढलेली आहे. इंजेक्शनने साखर वाढेल? गाठ परत येईल?

साखर थोडी वाढू शकते, विशेषतः सुरुवातीला. चरबी उतरली आणि चालणं वाढलं की काहींची परत सावरते. एचबीए१सी आणि डोळ्यांचा पडदा तपासल्याशिवाय सुरू करू नका. मधुमेहामुळे पडद्यावर नव्या रक्तवाहिन्या फुटत असतील तर हे औषध देत नाहीत.

पिट्युटरीच्या गाठी औषधामुळे जास्त परततात असं आजवरच्या पाठपुराव्यात दिसलेलं नाही, तरी ठरलेले एमआरआय चुकवू नका. कर्करोग सक्रिय असेल तर मात्र ग्रोथ हार्मोन नाही.

१८. मुलाचं उंचीचं इंजेक्शन सतराव्या वर्षी बंद झालं. तो क्रिकेट खेळतो, हल्ली लवकर दमतो. पुन्हा द्यायचं का?

आधी पुन्हा तपासायचं. औषध निदान महिनाभर बंद ठेवून चाचणी करतात, आणि ज्यांना लहानपणी फक्त ग्रोथ हार्मोनचीच कमतरता होती आणि कारण सापडलं नव्हतं, त्यांच्यातले बरेच जण मोठेपणी पास होतात. गाठ, रेडिएशन किंवा जनुकदोष असेल तर कमतरता टिकण्याची शक्यता जास्त. खरोखर टिकली असेल तर या वयात खंड पडणं महागात जातं, कारण स्नायू आणि हाडं विशीच्या पुढेपर्यंत भरत असतात. ‘उंची झाली, काम झालं’ म्हणून फाइल बंद करणारे पालक खूप आहेत.

मेस्सीचं नाव प्रत्येक आई घेते. हो, त्यालाही लहानपणी ही कमतरता होती आणि तो उपचार घेऊन मोठा झाला. पण इंजेक्शनने त्याला इतर मुलांइतकं नेलं, त्यापुढचं त्याचं स्वतःचं.

१९. मी अर्धमॅरेथॉन धावतो. डोपिंगमध्ये अडकेन का?

ग्रोथ हार्मोन जागतिक उत्तेजकविरोधी संस्थेच्या, म्हणजे वाडाच्या यादीत कायम बंदी असलेलं आहे, स्पर्धेच्या दिवशीही आणि एरवीही. खरा रुग्ण वैद्यकीय सूट मागू शकतो. भारतात त्यासाठी नाडाकडे, म्हणजे आपल्या राष्ट्रीय उत्तेजकविरोधी संस्थेकडे, अर्ज जातो. डिवचण्याच्या चाचणीचे कागद (प्रश्न ३), एमआरआय, शस्त्रक्रियेचा अहवाल हे लागतात. नुसती ‘आयजीएफ कमी’ एवढी चिठ्ठी पुरत नाही. हायड्रोकॉर्टिसोन घेत असाल तर तेही विचारा. हौशी धावण्यात तुमची तपासणी बहुधा कधी होणार नाही, पण वयोगटाच्या बक्षिसासाठी उतरत असाल तर कागद आधीच करून ठेवा.

२०. जिममधला ट्रेनर म्हणतो हे सगळेच घेतात. आणि माझे सासरे सत्तरीचे आहेत, त्यांनाही देऊ का?

दोन्हींना नाही.

निरोगी माणसाला काय मिळतं हे सिडनीत तपासलं गेलं आणि २०१० मध्ये छापून आलं. हौशी खेळाडूंना आठ आठवडे रोज २ मिग्रॅ., म्हणजे माझ्या डोसच्या पाचपट, दिलं. चरबी उतरली, सायकलवरच्या झपाट्याच्या जोरात जवळजवळ ४ टक्के वाढ झाली, पण बळ, उडी आणि व्हीओटू मॅक्स जिथल्या तिथे. सूज आणि सांधेदुखी वाढली, आणि औषध थांबवल्यावर सहा आठवड्यांत तो जोरही गेला. जिममध्ये विकल्या जाणाऱ्या कुपीत नेमकं काय आहे हा वेगळाच प्रश्न.

वय झाल्यावर ग्रोथ हार्मोन कमी होणं हा आजार नाही. १९९० मध्ये अमेरिकेत साठीपुढच्या एकवीस पुरुषांवर (त्यातल्या बारा जणांना औषध देऊन) झालेल्या छोट्या प्रयोगातून ‘तारुण्याचं इंजेक्शन’ हा धंदा उभा राहिला. चरबी घटली आणि स्नायू वाढले हे त्यात होतं, पण माणसं जोमदार झाली असं नव्हतं. सासऱ्यांना रोज संध्याकाळी बागेत घेऊन जा.

२१. नऊ महिने झाले, फरक नाही. हे आयुष्यभर घ्यायचं?

आधी आयजीएफ-१ वयाच्या टप्प्यात बसलाय का ते पाहा, मग पेनची युनिटं (प्रश्न ९), मग कॉर्टिसोल-थायरॉइड (प्रश्न ४). हे सगळं ठीक असूनही वहीतले आकडे हलले नसतील तर थांबण्याविषयी बोलायला हरकत नाही. ब्रिटनमध्ये २००३ पासून नियमच तसा आहे: पंचवीस प्रश्नांच्या तक्त्यात निदान ११ तक्रारी असतील तर औषध मिळतं, आणि नऊ महिन्यांनी त्या निदान ७ ने कमी झाल्या नाहीत तर बंद करतात. तो नियम सरकारी पैशाचा हिशेब आहे, पण त्यामागचं डोकं मला आवडतं.

ज्यांना फरक पडतो ते सहसा चालू ठेवतात. थांबवल्यावर विषबाधेसारखं काही होत नाही, काही महिन्यांत पोट आणि थकवा हळूहळू परत येतात. कॉर्टिसोलची गोळी मात्र अशी कधीही थांबवायची नाही. दोन्ही एकाच डब्यात असतात म्हणून मुद्दाम सांगते.

२२. परवडत नाही. न घेता राहिलो तर काय होईल?

हा प्रश्न सगळ्यात जास्त येतो, आणि विचारणारा बहुतेक वेळा शेवटी विचारतो, फोन ठेवता ठेवता.

पिट्युटरीचे रुग्ण हृदयविकाराने जास्त जातात, असं १९९० मध्ये गोथेनबर्गच्या अभ्यासात दिसलं होतं. पण त्या रुग्णांची इतर हार्मोन्सही गेलेली होती, रेडिएशन झालेलं होतं. सगळा दोष एका ग्रोथ हार्मोनवर टाकता येत नाही. दुसऱ्या टोकाला ब्राझीलमध्ये इताबायानिन्या नावाचं गाव आहे. तिथे जनुकदोषामुळे फक्त ग्रोथ हार्मोनच नसलेली माणसं आहेत, ठेंगणी, बहुतेकांनी कधी औषध घेतलं नाही. त्यांचं एकंदर आयुष्य गावातल्या इतरांपेक्षा कमी भरलं नाही. म्हणजे न घेतल्याने उद्या काही होणार नाही. कॉर्टिसोल आणि थायरॉइड न घेतल्याने होईल, आणि ती औषधं स्वस्त आहेत.

पैसे मोजके असतील तर ते असे लावा: आधी त्या दोन गोळ्या विनाखंड, मग रक्तदाब आणि कोलेस्टेरॉल, मग दर दोन वर्षांनी हाडांची डेक्सा. प्रश्न ११ मधला व्यायाम फुकट आहे आणि इंजेक्शन नसतानाही लागू पडतो, फक्त वाढ सावकाश होते. उन्हाचं प्रश्न ८ मधलं मात्र विसरू नका. इंजेक्शन घेणं थोडं जरी शक्य झालं तरी ते एक महिना घेऊन दोन महिने सोडू नका. सलग नऊ महिन्यांची सोय होईल तेव्हाच सुरू करा, आणि त्याच्या आदल्या आठवड्यात वही उघडून सहा मिनिटं चालून घ्या.